रजा घेऊनही नजर पूर्ववत होत नाही: अत्याचारग्रस्त मुलांबरोबर काम करणाऱ्यांनी काय करावे?

प्रश्न | समुपदेशक, डोंबिवली

मुंबईतील एका स्वयंसेवी संस्थेत मी समुपदेशक म्हणून काम करते. लैंगिक अत्याचार सोसलेली मुले आणि त्यांचे पालक यांच्याबरोबर माझे काम असते. पोलीस ठाण्यातील जबाब, रुग्णालयातील तपासणी, बाल कल्याण समितीपुढील हजेरी आणि पुढे विशेष न्यायालयातील साक्ष, अशा प्रत्येक टप्प्यावर मी मुलासोबत असते. हे काम मला सोडायचे नाही. हे आधीच स्पष्ट करते, कारण ज्यांच्यापाशी मी मन मोकळे केले त्यांपैकी बहुतेकांनी ‘दुसरी नोकरी बघ’ हाच सल्ला दिला.

माझी अडचण अशी, की थकवा आणि कामाचे प्रमाण यांचा मेळ लागेनासा झाला आहे. एखाद्या आठवड्यात नवी केस नसते, कोर्टाची तारीख नसते, तरीही मुलांनी सांगितलेले तपशील, म्हणजे दाराची आतून लावलेली कडी, मोठ्या आवाजात लावलेला टीव्ही, शेजारून येणारा भांड्यांचा आवाज, मी स्वतः तिथे हजर असल्यासारखे डोळ्यांसमोर येतात. फलाटावर एखादा माणूस लहान मुलीला कडेवर घेऊन उभा दिसला की माझी नजर आपोआप त्याच्या हातांवर जाते. भाचीला शाळेच्या व्हॅनमधून पाठवू नये यावरून मी बहिणीशी इतके वाद घातले, की ती आता मुलीविषयी माझ्याशी फारसे बोलत नाही. नवऱ्याशी जवळीक नकोशी वाटते, आणि त्याचे कारण सांगायचे तर मुलांची हकीकत सांगावी लागेल या भीतीने मी गप्प राहते.

संस्थेने रजा दिली. मी गुहागरला माहेरी जाऊन राहिले. झोप भरून निघाली, भूक लागू लागली, पण माणसांकडे बघण्याची माझी नजर तशीच राहिली. आमच्या वरिष्ठ ताई मायेने म्हणतात, ‘सवय होईल, मन घट्ट कर.’ सवय होणे म्हणजे मुलाचे बोलणे ऐकून काहीच न वाटणे असेल, तर तशी सवय मला नको आहे.

हा बर्नआउट आहे की आणखी काही? संस्थेकडे मी नेमके काय मागावे? आणि मुलांची गोपनीयता राखून हे सारे कुणापाशी बोलावे? या क्षेत्रात दीर्घकाळ काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद | मानसोपचार विभागातील समाजसेवक, मुंबई

तुमच्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आलेला आहे. रजेने झोप आणि भूक परत आली, नजर मात्र बदलली नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतात. तुम्हाला दोन्हींचा त्रास होत असावा, असे मला वाटते.

बर्नआउटविषयीचा अभ्यास सुरू झाला तो न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्याशी संबंधित असलेले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांच्या १९७४ सालच्या लेखापासून. त्यांच्या पाहण्यात आलेली माणसे आळशी किंवा कामाला कंटाळलेली नव्हती; कामावर मनापासून श्रद्धा असणारेच आधी कोसळत होते. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये त्याची मोजपट्टी तयार केली आणि तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या: भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही भले होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली; तिच्यात बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नसून, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून केलेली आहे. त्यामुळे त्याचे मूळ व्यक्तीच्या स्वभावात शोधण्यापूर्वी कामाचे तास, केसेसची संख्या, पगार, निर्णयाचे स्वातंत्र्य आणि न्याय्य वागणूक यांत शोधावे लागते. असा बर्नआउट बँकेत किंवा कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्यालाही होतो.

तुम्ही वर्णन केलेली नजर मात्र कामाच्या प्रमाणातून येत नाही, ती कामाच्या आशयातून येते. लिसा मकॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन यांनी १९९० मध्ये या अनुभवाची स्वतंत्र मांडणी केली, आणि तेव्हापासून आपल्या क्षेत्रात त्याला ‘व्हायकेरियस ट्रॉमा’ म्हणतात. आघात सोसलेल्या व्यक्तींचे बोलणे समरसून आणि सातत्याने ऐकणाऱ्याच्या मनात जगाविषयीच्या मूलभूत समजुतीच हलू लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. सुरक्षितता, विश्वास, स्वतःच्या आयुष्यावरचे नियंत्रण, स्वतःविषयीचा व इतरांविषयीचा आदर आणि जवळीक या पाच ठिकाणी हे हादरे बसतात. फलाटावरचा माणूस, शाळेची व्हॅन आणि नवऱ्यापासूनचे अंतर हे तुमचे तिन्ही अनुभव या मांडणीत थेट बसतात. ‘सवय होईल’ या सल्ल्याने म्हणूनच काही साधत नाही, कारण ऐकण्याची सवय वाढते तसतसा हा परिणाम साचतही जाऊ शकतो.

यात मनाचा कमकुवतपणा शोधू नये. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या वर्गीकरणात आघातोत्तर तणाव विकाराच्या निकषांमध्ये, बाल अत्याचाराचे तपशील कामानिमित्त वारंवार समोर येणाऱ्या पोलिसांचे उदाहरण स्पष्टपणे दिलेले आहे. केवळ ऐकून आघात होऊ शकतो, हे त्यात मान्य केलेले आहे.

एका गोष्टीवर मला विशेष भर द्यायचा आहे. तुमची शंका निराधार आहे असे तुम्हाला कुणी सांगत असेल, तर ते पटवून घेऊ नका. बहुतांश प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत. तुम्हाला जे कळले आहे ते खरे आहे आणि ते विसरून पूर्वीसारखे निश्चिंत होणे हे उपचाराचे उद्दिष्ट असू शकत नाही. बिघडले आहे ते प्रमाणाचे भान. दिवसभर तुमच्यासमोर येणाऱ्या प्रत्येक घरात अत्याचार झालेला असतो, म्हणून मन साऱ्या शहराचा हिशेब त्याच घरांवरून करू लागते. हे भान परत आणण्यासाठी नियमित, जाणकार आणि सुरक्षित संवाद लागतो, म्हणजेच सुपरव्हिजन लागते. माझ्या मते कोणत्याही रजेपेक्षा तिचे महत्त्व मोठे आहे.

दृश्ये रोज दिसू लागली, कामाच्या ठिकाणी पाय टाकणेच अशक्य झाले, झोपेसाठी मद्याचा किंवा गोळ्यांचा आधार घ्यावा लागू लागला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर सुपरव्हिजनची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ही ओपीडी आहे. आपण ज्या ओपीडीत मुलांना घेऊन जातो तिथे स्वतःच्या नावाचा केसपेपर काढणे अनेक सहकाऱ्यांना अवघड वाटते, आणि हा संकोच मला पूर्ण समजतो. अशा वेळी दुसरे रुग्णालय निवडावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

प्रतिसाद | परिचारिका, परळ

ताई, तुमचे काम आणि माझे काम वेगळे आहे. मी कर्करोगाच्या वॉर्डात आहे, आणि आमच्याकडे ऐकण्यापेक्षा पाहणे जास्त असते. विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून माणसे उपचारांसाठी येतात, धर्मशाळेत जागा मिळाली नाही तर पदपथावर राहतात, आणि कित्येकदा इतक्या उशिरा येतात की आमच्या हातात वेदना कमी करण्यापलीकडे फारसे काही उरलेले नसते. चार्ल्स फिगली यांनी १९९५ च्या सुमारास रूढ केलेली ‘कम्पॅशन फटिग’ ही संज्ञा आम्हाला प्रशिक्षणात शिकवली गेली. सतत करुणेने वागणाऱ्याची करुणा करण्याची शक्तीच थकते, असा तिचा साधारण अर्थ आहे.

तरीही मला असे वाटते, की आम्हाला आतून पोखरते ते रुग्णाचे दुःख एकटे नसते. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात ‘मॉरल डिस्ट्रेस’ ही कल्पना मांडली: योग्य काय ते आपल्याला ठाऊक असते, पण यंत्रणेच्या अडथळ्यांमुळे ते करता येत नाही. रुग्णाला घरी जाऊन शेवटचे दिवस कुटुंबात घालवायचे आहेत, हे मला दिसते. गावाकडे मॉर्फिन हे वेदनाशामक मिळणार नाही, हेही मला ठाऊक असते. या दोन गोष्टी एकाच वेळी मनात बाळगून पुढच्या खाटेकडे जावे लागते. अशा थकव्यावर कुणी प्राणायाम सुचवला की मला त्रास होतो. प्राणायाम मी करते आणि त्याने श्वास शांत होतो, पण त्याने गावात मॉर्फिन पोचत नाही.

आमच्या वॉर्डात एक साधी पद्धत इन्चार्ज सिस्टरांनी सुरू केली आणि ती टिकली आहे. पाळीत एखाद्या रुग्णाचा मृत्यू झाला, की ड्युटी बदलताना औषधांची आणि सलाइनची नोंद झाल्यावर त्या रुग्णाविषयी बोलायला थोडा वेळ राखून ठेवला जातो. ज्याला बोलायचे नाही त्याने बोलू नये, ही अट मात्र कटाक्षाने पाळली जाते. मोठ्या दुर्घटनेनंतर सर्वांना एकदाच बसवून प्रत्येकाकडून सगळे वदवून घेण्याची पद्धत एके काळी पुष्कळ रूढ होती. पुढील संशोधनात तिचा फायदा आढळला नाही आणि काही जणांना उलट त्रास वाढल्याचे दिसले. तुमच्या संस्थेने उत्साहाने असे काही योजले, तर त्यांना हे जरूर सांगा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. सिस्टर, तुमचे लिहिणे वाचताना माझ्या त्रासाचा एक भाग मला नव्याने उमगला. पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम ३५ नुसार विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून मुलाची साक्ष ३० दिवसांत नोंदवली जावी आणि खटला शक्यतो एका वर्षात संपावा, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात तारीख पुढे जाते, आणि साक्षीसाठी मनाची तयारी करून आलेल्या मुलाला ‘आज नाही’ हे सांगण्याचे काम माझ्याकडे येते. पहिल्यांदा साक्ष देण्याचे बळ यावे म्हणून ज्या मुलीबरोबर आम्ही इतकी मेहनत घेतली, तीच मुलगी पुढे ‘मला आता काहीच आठवायचे नाही’ म्हणते, तेव्हा मी कुणाच्या बाजूने उभी आहे असा प्रश्न मला पडतो. ऐकलेल्या तपशिलांइतकाच हा प्रश्नही मी घरी घेऊन जाते.

सुपरव्हिजनविषयी एक शंका आहे. आमच्याकडे दर महिन्याला वरिष्ठांबरोबर बैठक होते, पण तिच्यात किती मुलांना भेटलो, किती होम व्हिजिट झाल्या आणि अहवाल कधी देणार, याचीच चर्चा होते. तिलाच सुपरव्हिजन म्हणतात.

प्रतिसाद | एका संस्थेची कार्यक्रम प्रमुख, चेंबूर

संस्था चालवण्याच्या बाजूने लिहिते. तुम्ही वर्णन केलेली बैठक आवश्यक आहे, पण तिला सुपरव्हिजन म्हणता येणार नाही. जी व्यक्ती तुमचे वार्षिक मूल्यमापन लिहिते आणि करार वाढवायचा की नाही ते ठरवते, तिच्यापुढे ‘मला त्या मुलीचा राग आला’ किंवा ‘मला आता भीती वाटते’ असे कुणीही मोकळेपणाने बोलणार नाही. समुपदेशनाच्या आशयावर होणारी सुपरव्हिजन शक्यतो संस्थेबाहेरच्या अनुभवी व्यक्तीकडून व्हावी, ठरलेल्या वेळी व्हावी, कामाच्या तासांत व्हावी आणि तिथे झालेले बोलणे व्यवस्थापनाकडे जाऊ नये. जिवाला धोका किंवा मुलाची हानी असा अपवाद तेवढा आधीच लिहून ठेवावा.

पैशांचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण अडते ते तिथेच. देणगीदार मुलांच्या संख्येवर पैसे देतात. सुपरव्हिजनचा खर्च प्रशासकीय शीर्षाखाली दाखवला, की कपात करताना तो पहिल्यांदा जातो. परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांसाठी तर परदेशी निधीविषयीच्या कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, त्यामुळे हा ताण आणखी वाढला. आम्ही प्रस्ताव लिहितानाच सुपरव्हिजन हा मुलाला मिळणाऱ्या सेवेचा भाग म्हणून मांडतो आणि त्यासाठी हिशेबतपासनिसांशी आधी बोलून घेतो. देणगीदाराला मी हे सरळ सांगते, की समुपदेशक दर काही महिन्यांनी बदलत राहिली तर मुलाला तीच हकीकत प्रत्येक नव्या व्यक्तीला पुन्हा सांगावी लागेल, आणि तो खर्च तुमच्या तक्त्यात कुठेच दिसणार नाही. हा मुद्दा बहुतेकांना पटतो.

पैसा न लागणारे बदलही आहेत आणि ते तुम्ही उद्याच मागू शकता. एकाच समुपदेशकाकडे केवळ नव्याने उघड झालेली प्रकरणे देऊ नयेत. त्यांच्या जोडीला शाळांमधील प्रतिबंधात्मक सत्रे, बऱ्या होत असलेल्या मुलांचा फॉलो-अप, पालकांचे गट असे काम असावे. बरी झालेली, शाळेत परतलेली मुले डोळ्यांना दिसत राहिली पाहिजेत, कारण प्रमाणाचे भान परत येण्याचा तो एक खरा मार्ग आहे. दंडाधिकाऱ्यांपुढील भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ चा जबाब आणि न्यायालयातील साक्ष यांना सोबत जाण्याचे काम दोघींनी आळीपाळीने करावे आणि त्या दिवशी पुन्हा कार्यालयात येण्याची सक्ती नसावी. मुलाने एकदा सांगितलेला तपशील फाइलसाठी, देणगीदाराच्या अहवालासाठी आणि प्रशिक्षणासाठी पुन्हा पुन्हा सविस्तर लिहायला लावू नये. आमच्याकडे अहवालांतील अत्याचाराची वर्णने आम्ही पूर्ण बंद केली, आणि त्यामुळे कोणत्याही देणगीदाराने निधी थांबवला नाही.

ही मागणी लेखी करा, आणि एकटीने करू नका. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून या शहरात यंत्रणेच्या आत राहून काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांची एक मोठी परंपरा आहे. त्या पिढीतल्या अनुभवी व्यक्ती आज बाहेरून सुपरव्हिजन द्यायला तयार होतात. दोन-तीन लहान संस्थांनी मिळून एकीला बोलावले तर खर्चही वाटला जातो.

प्रतिसाद | निवासी डॉक्टर

वरील सर्व मान्य करूनही झोपेचे महत्त्व कमी लेखू नये, एवढेच सुचवतो. निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी सर्वसाधारणपणे १२ तासांपेक्षा अधिक नसावी, असे केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत म्हटलेले आहे. वॉर्डातले वास्तव आम्ही सगळे जाणतो. झोप न झालेल्या मनाला आपण बर्नआउटमध्ये आहोत, आघातात आहोत की केवळ थकलो आहोत, हे ओळखताच येत नाही. तुम्हाला रजेनंतर हा फरक दिसू शकला, याचे श्रेय त्या झोपेलाही आहे.

प्रतिसाद | वकील, फोर्ट

गोपनीयतेचा प्रश्न अजून बाकी आहे, म्हणून लिहिते. पॉक्सो कायद्याचे कलम २३ माध्यमांना मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते, कलम ३३ तपासात आणि खटल्यात ती उघड होऊ नये ही जबाबदारी विशेष न्यायालयावर टाकते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार पीडितेची ओळख छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. समुपदेशकाने स्वतःच्या मनःस्थितीविषयी सुपरव्हायझरशी बंद दाराआड बोलण्यास यांतील कोणतेही कलम आड येत नाही. ओळख पटेल असे काही सांगू नये, एवढीच काळजी घ्यायची आहे.

ती काळजी मात्र नाव बदलण्यापुरती नसावी. मुंबईत वस्तीचे नाव, शाळा, आरोपीचा व्यवसाय आणि घटनेचा महिना इतके सांगितले, तरी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला मूल कोणते ते कळू शकते. म्हणून सुपरव्हिजनमध्ये मुलाची कथा सांगण्याऐवजी त्या कथेचा कोणता भाग आपल्या मनात अडकला आहे आणि त्याने आपल्यात काय बदलले, यावर बोलावे. तुमच्या प्रश्नात तुम्ही नेमके हेच केले आहे: कडी, टीव्ही आणि भांड्यांचा आवाज वाचून मला तुमची अवस्था कळली, मूल कोण ते कळले नाही. नवऱ्याशी बोलतानाही हीच रीत चालेल.

समुपदेशनाच्या नोंदी न्यायालय मागवू शकते, हे ध्यानात ठेवून सुपरव्हिजनची टिपणे मुलाच्या फाइलमध्ये कधीही ठेवू नयेत आणि त्यांत प्रकरणाचे तपशील लिहू नयेत. सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रकरणाविषयी मन मोकळे करणे टाळावे, मग तो ग्रुप कितीही विश्वासाचा असला तरी, कारण फोन हरवतो, स्क्रीनशॉट पुढे जातात आणि ग्रुप सोडून गेलेल्यांच्या फोनमध्ये जुने संदेश तसेच राहतात. बाहेरच्या सुपरव्हायझरबरोबर संस्थेने गोपनीयतेचा लेखी करार करावा. त्याचा मसुदा एका पानाचा पुरतो, आणि तो तयार करून देणारे वकील या कामासाठी सहसा शुल्क मागत नाहीत.